हात आणि पुस्तक

आकाशात विमान दिसले की आपण मान वर करून पाहतो. आपल्याला वैमानिक आठवतो. परंतु 'हे विमान उडण्यास योग्य आहे' अशी सही करणारा जमिनीवरचा माणूस कोणालाच आठवत नाही. तो असतो विमान देखभाल अभियंता. त्याच्या सहीवर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

आपल्या देशात केवळ लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन या कामाचा परवाना मिळत नाही. विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही लागतो. तरीही काही विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणजे वही भरण्याचा उपचार वाटतो. माझ्या मते ही मोठी चूक आहे.

सातारा-सांगलीच्या मातीला हाताचे शिक्षण नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रविद्येचे शिक्षक होते. त्यांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलजवळ ओसाड माळावर कारखाना उभारला. तेथे खेड्यातील माणसांच्या हातांनी लोखंडी नांगर घडवले. हे नांगर विकण्याचे काम काही काळ भाऊराव पाटील यांनी केले. त्यांनीच १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्यात त्यांची मुले श्रम करत आणि शिकतही असत.

पण नुसता सराईत हातही पुरेसा नाही. १० जून १९९० रोजी एका ब्रिटिश विमानाची पुढची काच हवेत निखळली. वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान सुखरूप उतरवले आणि सर्वजण वाचले. चौकशीत काय आढळले? काच बसवणाऱ्या अनुभवी माणसाने बोल्ट पुस्तकात न पाहता नजरेने जुळवले होते. ९० पैकी ८४ बोल्ट एक मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते!

म्हणून हाताने पुस्तकाला विचारावे आणि पुस्तकातले हाताने करून पाहावे. हीच सवय प्रात्यक्षिकातून लागते.

मित्रांनो, प्रयोगशाळेत आपण कधी शेजाऱ्याच्या वहीतले आकडे उतरवून घेतो. त्या दिवशी गुण मिळतात, पण हात कोराच राहतो. मराठीत 'हुन्नर' म्हणतात, उर्दूत 'हुनर'. शब्द एकच आहे. तो उतरवून घेता येत नाही, स्वतःच कमवावा लागतो.