आधी बाहेर तर काढा!

१४ जून २०२३ च्या पहाटे, ग्रीसच्या पायलॉस गावापासून ऐंशीएक किलोमीटरवर, एक जुनाट मच्छीमार ट्रॉलर उलटला. ‘अ‍ॅड्रियाना’ त्याचं नाव. लिबियाहून इटलीकडे निघालेल्या या ट्रॉलरवर साडेसातशेपर्यंत माणसं कोंबलेली असावीत, असा अंदाज आहे. सीरिया, इजिप्त, पाकिस्तान, पॅलेस्टाइन... कुठकुठली माणसं. त्यातली १०४ वाचली. ८२ मृतदेह हाती लागले. बाकीचे समुद्राने ठेवून घेतले.

मैत्रिणींनो, या बातमीतली एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. वाचलेल्या १०४ जणांत एकही बाई नव्हती. अगदी एकही नाही.

असं का झालं? वाचलेल्यांनी सांगितलं, की बायका-मुलं खाली, बोटीच्या पोटात होती. वर ऊन, वारा, परक्या पुरुषांची गर्दी. खाली निदान आडोसा. बोट कलंडली तेव्हा वरचे लोक पाण्यात तरी फेकले गेले. खालच्यांना बाहेर यायला वाटच उरली नाही.

रबराच्या बोटींवरही हेच. पुरुष कडेला, पाय बाहेर सोडून बसतात. बायका-लेकरांना मध्ये बसवतात, पडू नयेत म्हणून. पण सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र होऊन साचतं ते नेमकं मध्येच. तासन् तास त्यात बसून बायकांच्या मांड्या, पाठ भाजून निघतात. जाळ नाही, धूर नाही, आणि कातडी सोललेली! बचावजहाजांवरच्या डॉक्टर, नर्स या जखमा नेहमी पाहतात आणि त्या बहुतेक बायकांच्याच असतात. ‘तुम्ही आत बसा, सांभाळून बसा’ हे वाक्य आपण सगळ्याजणी जन्मभर ऐकत आलोय. समुद्रात त्याचा अर्थ असा होतो.

आमच्या भिशीत हा विषय निघाला तेव्हा एकजण पटकन म्हणाली, “पण यांना सांगितलं कुणी पोरं घेऊन समुद्रात जायला? आई आहे की कोण?” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. प्रश्न काही वेडावाकडा नाही. आपल्या लेकराला ताप आला तर रात्रभर जागणाऱ्या बाईच्या तोंडून तो येणारच. पण मला वाटतं, उत्तरही त्याच बाईला सापडेल. पोटचं पोर घेऊन काळ्याकुट्ट पाण्यात बाई कधी उतरेल? मागे उभी असलेली भीती पुढच्या पाण्याहून मोठी असेल तेव्हाच ना? मागे युद्ध असतं, लिबियातल्या कोंडवाड्यासारख्या छावण्या असतात, तिथे बायकांवर होणारे अत्याचार असतात. सरळ विमानाचं तिकीट काढावं तर व्हिसा मिळत नाही. मग दलालाच्या हातावर जमीन-दागिने विकून आलेला पैसा ठेवायचा आणि तो दाखवील त्या बोटीत बसायचं.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा वाटतो. “वाचवत बसलात तर आणखी येतील!” बरं, हेही करून पाहिलंय. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेहून अधिक माणसं बुडाली. देश हादरला आणि इटलीच्या नौदलाने ‘मारे नोस्त्रुम’ नावाची मोहीम काढली. वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं पाण्यातून बाहेर काढली. मग खर्च फार होतो, लोक वाचवणार म्हणून आणखी बोटी येतात, अशी ओरड झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोहीम बंद पडली. तिच्या जागी आली ती लहान, किनाऱ्याजवळच घुटमळणारी. बोटी थांबल्या का? छे! एप्रिल २०१५ मध्ये एकाच बोटीबरोबर आठशेच्या आसपास माणसं तळाला गेली. वाचवणारे कमी झाले, बुडणारे नाही. २०१४ पासून आजवर भूमध्य समुद्रात तीस हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. एखादा मध्यम तालुक्याचा गाव रिकामा व्हावा, तसं.

समुद्राचा कायदा याबाबतीत अगदी साधा आहे. जहाज कुणाचंही असो, संकटातला माणूस दिसला तर कप्तानाने त्याला मदत करायची. त्याचा देश, धर्म, कागदपत्रं विचारायची नाहीत. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ बार्ज पी-३०५ बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. डोंगराएवढ्या लाटांमधून आपल्या नौदलाने १८६ जणांना बाहेर काढलं. वादळाचा इशारा असूनही बार्ज तिथेच का थांबला, चूक कुणाची, याची चौकशी झाली. पण नंतर! दोर टाकण्याआधी कुणी “तुम्ही थांबलातच का?” असं विचारलं नाही. विचारलं असतं तर आपणच संतापलो असतो.

मग परक्या माणसाला हा नियम वेगळा का? आपला हात स्वच्छ आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोहिंग्यांची एक बोट इंजिन बंद पडून अंदमानच्या समुद्रात भरकटली. त्यातल्या बऱ्याचशा बायका आणि मुली. आपल्या तटरक्षक दलाने त्यांना गाठलं, अन्न, पाणी, औषध दिलं. तोवर आठजण दगावले होते. पण उतरवून घ्यायला कुणीच तयार नव्हतं, आपणही नाही. शंभराहून जास्त दिवस समुद्रात काढून ते लोक शेवटी लागले कुठे, तर इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या एका लहानशा बेटावर.

या आचेच्या कोळ्यांचं मला फार कौतुक वाटतं. समुद्रात सापडलेल्या माणसाला मदत केलीच पाहिजे, अशी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. जून २०२० मध्ये अधिकारी रोहिंग्यांची बोट उतरवायला कां-कू करत होते. किनाऱ्यावरचा गाव चिडला आणि गावकऱ्यांनीच शंभरेक माणसांना ओढून जमिनीवर आणलं. त्यांच्याकडे कुठे काय जास्तीचं होतं?

बायकाही यात मागे नाहीत. भूमध्य समुद्रात बचावजहाज चालवणारी ‘एसओएस मेडिटेराने’ ही संस्था २०१५ मध्ये उभी राहिली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक सोफी बो ही फ्रेंच बाई. त्यांच्या ‘अ‍ॅक्वेरियस’ जहाजावर सुईणही असायची, कारण भर समुद्रात बाळंतपणं व्हायची! जून २०१९ मध्ये कारोला राकेते या ३१ वर्षांच्या जर्मन कप्तानबाईने लिबियाजवळ ५३ माणसं वाचवली. इटलीने बंदर बंद ठेवलं. दोन आठवडे वाट पाहून तिने जहाज सरळ लाम्पेदुसाच्या धक्क्याला लावलं. तिला अटक झाली. कोर्टाने सोडलं, आणि इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे ते योग्यच ठरवलं. माणसं वाचवणं हे तिचं कर्तव्यच होतं.

एक मात्र मान्य करायला हवं. देशात कुणाला ठेवायचं, कुणाला परत पाठवायचं, हे ठरवायचा अधिकार त्या त्या देशाचा आहे. दलालांना तर कडक शिक्षा व्हायलाच हवी. पण ही सगळी कामं जमिनीवरची आहेत. कपडे कोरडे झाल्यावर, पोटात चार घास गेल्यावर, टेबलापलीकडे बसून करायची. बुडणाऱ्याचा खटला पाण्यात चालवायचा नसतो.

‘अ‍ॅड्रियाना’चंच घ्या ना. आदल्या दिवशी तो ट्रॉलर विमानातून दिसला होता, तटरक्षकांनीही पाहिला होता. “त्यांनीच मदत नाकारली,” असं ग्रीक अधिकारी म्हणतात. “आम्हाला दोर लावून ओढलं म्हणून उलटलो,” असं वाचलेले म्हणतात. २०२५ मध्ये तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवले गेले. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण वरचे पुरुष नको म्हणाले असं क्षणभर धरलं, तरी खाली बसलेल्या बायकांना कुणी विचारलं होतं?

तुम्ही म्हणाल, आपण इथे तालुक्याच्या गावात बसून काय करणार? समुद्रात उडी नाही मारता येणार, खरंय. पण टीव्हीवर अशी बोट दिसली की घरात जे बोललं जातं, ते पोरं ऐकत असतात. “मरेनात का, आपल्याला काय!” हेही ऐकतात आणि “अगं बाई, कुणीतरी काढा रे त्यांना!” हेही. उद्या त्यातलं कुणी नौदलात जाईल, कुणी अधिकारी होईल, कुणी नुसतंच नदीकाठी उभं असेल. दोर टाकायचा की नाही, हे त्या वेळी विचार करून ठरत नाही. ते आधीच, आपल्या स्वयंपाकघरात ठरलेलं असतं.