दक्षिणाभिमुख दिवा

धनत्रयोदशीच्या सायंकाळी उंबरठा, तुळशीवृंदावन आणि गोठा उजळून झाल्यावर घरातील गृहिणी कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे वात करून ठेवते, आणि यमराजाकडे एकच माफक मागणे मागते: मृत्यू यावयाचा तो यथाकाल यावा, अपमृत्यू टळावा.

वाचकहो, यंदाचा दिवाळी अंक आपल्या हाती देताना तो दिवा आम्हांला विशेषत्वाने आठवतो, याचे कारण आमच्या जालन्याचे रस्ते. सुगीच्या या दिवसांत मोसंबीचे टेम्पो, लोखंडी सळयांचे ट्रक, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि सणासाठी पुण्या-मुंबईहून परतणारी आमची लेकरे या साऱ्यांची एकच दाटी त्या रस्त्यांवर होते. त्यांत आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आमच्या वेशीला लागून असलेल्या सिंदखेडराजा तालुक्यात याच महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचे न्यायवैद्यक अहवालाचे वृत्त पुढे प्रसिद्ध झाले. दोषादोषांचा निवाडा न्यायासनाचा. परंतु त्या वृत्तानंतर पारापारांवर जो एकच घोष उठला, की शिक्षा वाढवा, त्याविषयी आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

शिक्षा वाढलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश असणाऱ्या चालकास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे फर्मावले होते. २०१९ च्या दुरुस्तीने कैदेची मर्यादा तीच राहिली, दंड मात्र दहा हजारांचा झाला, आणि अपराध पुन्हा घडल्यास पंधरा हजारांचा. या फेरफारात एक लहानसा शब्द गळाला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पूर्वी दंड दोन हजारां‘पर्यंत’ होता. आता तो नेमका दहा हजार आहे. त्या ‘पर्यंत’मध्ये समोर उभ्या असलेल्या इसमाची ऐपत पाहून रक्कम ठरविण्याचे न्यायाधीशाचे तारतम्य वसत होते. ते गेल्यावर, मोंढ्यात हमाली करून शेकड्यांत मजुरी मोजणारा मोपेडस्वार आणि एका बैठकीत तेवढीच रक्कम उधळून मोटारीत बसणारा धनिक, हे दोघे एकाच आकड्याखाली उभे राहिले. पहिल्याच्या घरातील महिन्याचा किराणा त्या दंडात जातो. दुसऱ्याच्या हिशेबात ती बैठकीवरची बक्षिशी ठरते.

कोणी म्हणेल, मोपेडस्वाराची झिंगही जीव घेऊ शकते, मग दया कशाला? मान्य आहे. अपराध दोघांचा सारखाच, आणि म्हणूनच शिक्षेची झळही सारखी असली पाहिजे. आकडा सारखा ठेवल्याने ती सारखी होत नाही. फिनलंडने १९२१ सालीच हा पेच ओळखून दंड रुपयांऐवजी, म्हणजे तेथील नाण्यांऐवजी, दिवसांत मोजण्याची रीत घातली: अपराधाच्या गुरुत्वाप्रमाणे दिवस ठरावयाचे, आणि एका दिवसाची किंमत त्या इसमाच्या प्राप्तीवरून. या रीतीने गरिबाला सूट मिळत नाही. श्रीमंताची पळवाट तेवढी बंद होते.

दुसरा प्रश्न जबाबदेहीचा. मनुस्मृतीतील विषमतेच्या नियमांचे दहन १९२७ साली महाडास झाले ते यथायोग्यच झाले. तथापि त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातासंबंधी जो विचार आहे तो पाहण्याजोगा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस वा चाक भंगले, तर गाडीवानास दंड नाही. गाडीवान अकुशल असल्याने गाडी भरकटली तर दंड मालकास, दोनशे पण. गाडीवान कुशल असेल तर मात्र त्याचा त्यालाच. ज्याने अपात्र हाती कासरा दिला तो निर्दोष नाही, हे बैलगाडीच्या युगाला कळत होते. आपल्या कायद्यातही १८८ वे कलम आहे: अशा अपराधास साहाय्य वा उत्तेजन देणाऱ्यास तीच शिक्षा. पण सलग दोन रात्री जागलेल्या आणि तिसरीला बाटलीचा आधार घेतलेल्या चालकाच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणाऱ्या मालकावर ते चालविल्याचे आपल्यापैकी कितीजणांच्या कानी आले आहे?

आणि मृत्यू घडल्यावर? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर निजलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले. सत्र न्यायालयाने चालकास सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने तीन वर्षे. आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तीन वर्षेही फारच अपुरी असल्याचे नमूद केले, परंतु शिक्षा वाढविण्यासाठी शासनाने अपीलच केलेले नव्हते म्हणून हात आवरला. कायद्यात दहा वर्षांची तरतूद होती. उणी पडली ती सरकारी दफ्तरातून वेळेवर निघावयाची एक अर्जी. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेल्यावर अल्पवयीन चालकास तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा लोक संतापले ते याच अनुभवाने: कायद्याचा कठोरपणा मोपेडपाशी जागा असतो आणि आलिशान मोटारीपाशी पेंगतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की शिक्षेचा आकडा पुन्हा फुगविण्याआधी ती ऐपतीच्या तराजूत तोलली जावी, मालकापर्यंत पोहोचावी, आणि वशिल्याचा मुलाहिजा न ठेवता अटळ व्हावी. आबकारीचा महसूल मोजून घेणाऱ्या शासनाला एवढी तोशीस सोसण्यास हरकत नसावी.

भाऊबीजेस प्रत्यक्ष यमही बहिणीच्या, यमुनेच्या, घरी जेवावयास जातो अशी कथा आहे. त्या दिवशी तरी आमच्या रस्त्यांवरून कोणी त्याला भरल्या ताटावरून उठवू नये.



— संपादक