बोटीवरचं जुनं टॉयलेट युनिट: दुरुस्त करायचं की बदलायचं?

थ्रीजी फोनला नवी बॅटरी टाकली, स्क्रीनही बदलली, पण नेटवर्कच बंद झालं तर? अमेरिकेत सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीत अनेक बोटमालकांचं असंच झालंय. फक्त तिथे फोनऐवजी टॉयलेट आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. छोट्या बोटींवर ‘टाइप १’ नावाचं युनिट बसवता येतं. फ्लश केलं की त्यात मैला बारीक दळला जातो. सोबत समुद्राचं खारं पाणी असतं. इलेक्ट्रोडमधून वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार होतं, जंतू मरतात आणि काही मिनिटांत ते पाणी बाहेर सोडलं जातं.

युनिट नीट चालत नसेल, तर लगेच नवं घेऊ नये असं मला वाटतं. बॅटरीचं व्होल्टेज कमी आहे का, वायर गंजली आहे का, इलेक्ट्रोडवर क्षार साचलेत का, नदीच्या मुखाजवळ पाण्याचा खारेपणा घटलाय का, हे आधी बघायचं. इलेक्ट्रोडच झिजले किंवा कंट्रोल बोर्ड गेला, तर मात्र खर्च मोठा.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. मे २०१८ पासून प्युजेट साउंड ‘नो डिस्चार्ज झोन’ झालंय. म्हणजे प्रक्रिया केलेला मैलाही तिथे सोडता येत नाही. टगबोटी आणि व्यावसायिक मासेमारी बोटींना पाच वर्षांची मुदत मिळाली, तीही २०२३ मध्ये संपली.

एवढी सक्ती का? टाइप १ मधून बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात १,००० पर्यंत कोलिफॉर्म जिवाणू चालतात. कालवं आणि तिसऱ्या जिथून खाण्यासाठी काढतात, त्या पाण्यात मात्र सरासरी मर्यादा आहे १४! हे जीव पाणी गाळून खातात, त्यामुळे जंतू त्यांच्या अंगात साठतात आणि तिथून आपल्या ताटात येतात. समुद्रात मिसळल्यावर ते पाणी पातळ होतं, हे बोटमालकांचं म्हणणं खोटं नाही. पण अरुंद खाडीत शेजारी शेजारी बोटी उभ्या असतील, तर त्यावर किती विसंबायचं?

दुसरा पर्याय आहे ‘टाइप ३’, म्हणजे मैला साठवायची टाकी. ती किनाऱ्यावरच्या पंप-आउट केंद्रात रिकामी करायची. अडचण अशी की छोट्या बोटीत टाकीला जागा काढावी लागते. शिवाय केंद्र बंद असेल किंवा रांग मोठी असेल, तर रात्री गुपचूप टाकी ओतायचा मोह होणारच. म्हणून नियम मला पटतो, पण पुरेशी चालू केंद्रं नसतील तर तो कागदावरच राहील.

माझा हिशोब सोपा आहे. बोट बहुतेक वेळ बंदी नसलेल्या समुद्रात फिरत असेल, तर युनिट दुरुस्त करा. झोनमध्ये शिरताना मात्र ते कुलूपबंद ठेवावं लागेल. बोट कायम झोनमध्येच असेल, तर तो पैसा टाकीवर घाला. मेकॅनिकला फोन करण्याआधी नकाशा उघडा.