एचआयव्हीच्या गोळीसोबत मनावरही उपचार का हवेत?

देशात एआरटी औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेतल्यास विषाणू आटोक्यात राहतो. पण कलंकाची भीती आणि नैराश्य यांमुळे डोस चुकतात.

उपाय काय?
झिम्बाब्वेतील हरारेत 'फ्रेंडशिप बेंच' उपक्रमात प्रशिक्षित आजीबाई दवाखान्याच्या आवारातील बाकावर रुग्णांशी बोलतात. अडचणी मांडायच्या, एक निवडायची, तोडगा ठरवायचा. अशी सहा सत्रे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणे कमी आढळली. सहभागींपैकी सुमारे ४० टक्के एचआयव्हीबाधित होते.

आपल्याकडे काय हवे?
एआरटी केंद्रांतील समुपदेशकांनी 'गोळ्या घेता ना?' यासोबत 'झोप लागते का?' हेही विचारावे. मानसोपचारतज्ज्ञ कमी असतील, तर एचआयव्हीसह जगणाऱ्यांनाच प्रशिक्षण द्यावे. गोपनीयता मात्र काटेकोर पाळावी.