चॅरिटी राईड झाली, सोमवारचं काय?

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांच्या कपाटाच्या हँडलला फिनिशर मेडल लटकतंय त्यांनी आधी चहा घ्यावा आणि मग वाचावं. आमच्या घरी तर तीन आहेत, मे महिन्यापासून.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे 'चॅरिटी राईड' या नावाने मी जे बघतोय, त्यात चॅरिटी नावापुरती असते आणि राईड एका सकाळपुरती. बाकी सगळा इव्हेंट. आणि हे असंच चालू राहिलं तर सायकल ही रविवारी पोरांना दाखवायची वस्तू होऊन बसेल, हत्ती दाखवतात तशी.

आधी चॅरिटी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज नावाची राईड १९८० पासून चालू आहे. तिथे नाव नोंदवलं की ठरावीक रक्कम जमवायची जबाबदारी तुमची. मित्र, काका, बॉस, ज्याला पकडता येईल त्याला पकडा. कमी पडले तर तुमच्या खिशातून जातात. रायडरने जमवलेला पैसा पूर्णच्या पूर्ण कॅन्सर संशोधन आणि उपचारांसाठी जातो. पहिल्या वर्षी ३६ लोक होते. आतापर्यंत १०० कोटी डॉलरच्या वर जमलेत. म्हणजे सायकल चालवणं हे निमित्त, खरी मेहनत लोकांसमोर हात पसरण्यात आहे. ती आपल्याला नको असते. आपल्याला फी भरून टी-शर्ट हवा असतो.

लगेच 'ते अमेरिकेत' म्हणू नका. बाबा आमट्यांची भारत जोडो सायकल यात्रा आठवा. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर, नंतर १९८८-८९ मध्ये ईटानगर ते ओखा. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसताही येत नव्हतं, ते गाडीत आडवे होऊन बरोबर, आणि शंभरावर तरुण सायकलवर. कुठलं चिप टायमिंग आणि कुठलं काय! किंवा नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू. २०१५ मध्ये दोघांनी मिळून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तीही आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांचा विषय पुढे ठेवून. सांगायचं म्हणजे, आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही.

आता आमची राईड. अंतर २५ किलोमीटर, फी माणशी ८०० रुपये, म्हणजे आम्हा तिघांचे २४०० (बायको, मी आणि अकरा वर्षांची लेक). उद्देश 'मुलांच्या शिक्षणासाठी'. नाव नोंदवताना मी सरळ विचारलं, यातले संस्थेला किती जातात? समोरचा मुलगा बिचारा गोंधळला. म्हणाला, "सर, ते नंतर फायनल होईल. मेन उद्देश अवेअरनेस आहे." कसला अवेअरनेस? शिक्षण नावाची गोष्ट असते याचा? की सायकल नावाची? राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात ग्रामीण तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, अनुदान ५००० रुपये. म्हणजे आमच्या तिघांची फी ही जवळपास अर्धी सायकल. ती अर्धी सायकल तीन टी-शर्ट, तीन टोप्या, तीन मेडलं आणि पोह्यांत गेली. (पोहे गार होते, पण तो वेगळा विषय.)

राईडच्या दिवशी साडेपाचला मैदानावर पोचायचं होतं. आम्ही शनिवार पेठेतून सायकली मारत गेलो, आणि गेटवरच्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारला? "गाडी कुठे लावलीत?" कारण बहुतेक मंडळी सायकल गाडीच्या मागे बांधून आली होती. मग झुंबा. मग माननीयांची वाट बघणं. मग माननीयांचं भाषण, विषय पर्यावरण. ते संपेपर्यंत ऊन आलं.

पण खरं सांगतो, पुढचा दीड तास झकास होता. प्रत्येक चौकात हवालदार, आडवी गाडी नाही, मागे अ‍ॅम्ब्युलन्स. लेक सुसाट पुढे. शेवटी तिने विचारलं, "बाबा, उद्या पण हे लोक उभे असतील?"

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डेमो म्हणतो. क्लायंट समोर बसलेला असताना सगळं व्यवस्थित चालतं, कारण डेटा आपण निवडलेला असतो. प्रॉडक्शनला गेलं की रडारड. राईड हा डेमो आहे आणि सोमवार हे प्रॉडक्शन.

प्रॉडक्शन कसं असतं ते सांगतो. यंदा सुट्टीत आम्ही कुठे बाहेरगावी गेलो नाही. ठरवलं की महिनाभर गावातच हिंडायचं. पहाटे पर्वती, कधी हनुमान टेकडी, संध्याकाळी वर्तक बाग. लेक गेल्या वर्षी सायकल शिकली ती नदीपात्रात, ओंकारेश्वराच्या बाजूला, सकाळी गाड्या लागायच्या आत. कारण पेठेत दुसरी जागाच नाही. तर या महिन्यात सगळ्यात अवघड ट्रेक कुठला झाला असेल? घर ते सारसबाग! जेमतेम दोन किलोमीटर, सरळ बाजीराव रस्ता. डाव्या बाजूने जावं तर सम-विषम तारखेच्या पार्किंगची रांग, त्यातून मध्येच उघडणारं दार, त्याला चुकवायला उजवीकडे जावं तर मागे पीएमटी (पीएमपी म्हणायचं आता, पण तोंडात बसत नाही). अप्पा बळवंत चौकात मी लेकीला उतरून सायकल हातात धरून चालायला सांगितलं. चालायला तरी जागा कुठे होती म्हणा.

आणि हे सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात! महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं सायकल मार्गांचं जाळं आहे. कागदावर. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, आपण सगळ्यांनी फोटो काढले, आणि दोनेक वर्षांत त्या गायब. जे ट्रॅक बांधले गेले त्यांवर कुठे गाड्या लागतात, कुठे मध्येच खांब.

इथे कोणीतरी म्हणणारच, अरे निदान लोक काहीतरी करतायत ना, घरी लोळण्यापेक्षा बरं. ऑफिसात मला हेच ऐकवलं गेलं. मान्य, व्यायाम झाला, मजा आली, ओळखी झाल्या. मग त्याला 'रविवारची सहल' म्हणा ना! मला सहलीचा राग नाही. राग याचा आहे की चॅरिटीचं नाव लावलं की हिशोब विचारणारा माणूस खडूस ठरतो. आणि पालिकेलाही सोयीचं होतं. वर्षातून एक सकाळ हिरवा झेंडा दाखवला की सायकलस्वारांचं देणं फिटलं.

जमत नाही हेही खोटं. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला, २०२१ पासून, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद केला जातो. आणि जग बुडत नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते कसे धडाधड नीट झाले ते आपण पाहिलंय. कोलंबियात बोगोटा शहर १९७४ पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन रस्ते गाड्यांना बंद ठेवतं. आता ते शंभर किलोमीटरच्या वर आहेत. फी नाही, टी-शर्ट नाही, माननीय नाहीत.

आपल्याला शंभर नकोत. शनिवारवाडा ते सारसबाग, रविवारी सकाळी सहा ते नऊ, एवढंच मागतोय. त्या वेळात दुकानंही उघडलेली नसतात, त्यामुळे व्यापारी बोंब मारणार नाहीत.

आणि तोवर पुढच्या राईडचा फॉर्म आला की भरण्याआधी आयोजकांना दोन ओळींची मेल टाका: गेल्या वर्षी एकूण किती जमले, आणि संस्थेला किती दिले. मी आमच्यावाल्यांना टाकली आहे. तीन आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्याकडून एक मेसेज आला, पावसाळी राईडला अर्ली बर्ड सवलत आहे म्हणून.