बेसिनवरील डागांची कैफियत

संत तुकाराम नगरातील म्हाडाच्या जुन्या इमारती असोत की वल्लभनगरच्या बाजूस अलीकडे उभ्या राहिलेल्या उंच सोसायट्या असोत, न्हाणीघरातील बेसिनवर नळाच्या बरोबर खाली उमटलेला पिवळट ओघळ पाहून घरातल्यांनी कामवाल्या मावशींना बोल लावावा, मावशींनी भांड्याच्या पावडरीला बोल लावावा आणि अखेरीस सर्वानुमते ॲसिडच्या बाटलीस पाचारण व्हावे, हा क्रम इतका रूढ झाला आहे की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाही. माझ्या मते ही फिर्याद मुळातच चुकीच्या आसामीवर गुदरलेली आहे. अपराध पाण्याचा आणि गळक्या तोटीचा. शिक्षा मात्र चिनीमातीला, आणि तिच्याहूनही अधिक, ती घासणाऱ्या हाताला.

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे पाणी पवना नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन आपल्यापर्यंत पोहोचते. मावळातल्या पावसाचे, धरणात साठलेले हे पाणी स्वभावतः मऊ असते. त्याने डाग पडलाच तर सावकाश पडतो. परंतु नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत अमलात आली, आणि मधल्या दिवसाची तजवीज करता करता पुष्कळ सोसायट्यांच्या टाक्यांत बोअरचे व टँकरचे पाणी नळाच्या पाण्याशी बेमालूम मिसळू लागले. जमिनीखालचे पाणी म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी. मातीतून उतरताना ते कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि त्या आम्लतेच्या बळावर खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्यात विरघळवून घेते. असे पाणी जेव्हा वॉशर झिजलेल्या तोटीतून रात्रभर थेंबाथेंबाने बेसिनच्या उतारावर पडते आणि तिथेच वाळते, तेव्हा वायू हवेत निघून जातो व मागे राहतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा सूक्ष्म थर, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनलेले आहेत तेच द्रव्य. दगडावर साबण चोळून दगड जात नाही. उलट असल्या पाण्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा राखाडी साका तयार होतो आणि डागावर आणखी एक पापुद्रा चढतो.

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठरविली आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. आपल्या सोसायटीचे बोअर या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठे बसते, हे किती सभासदांस ठाऊक असेल? वार्षिक सभेत पार्किंगच्या पट्ट्यांवरून तासभर खडाजंगी होते. पाण्याच्या तपासणीचा दाखला मात्र दप्तरात सापडत नाही.

डाग ओळखून मग त्याचा बंदोबस्त करावा, हे कोणीही समंजस मनुष्य मान्य करील. पांढरा वा भुरकट, नखाला खरखरीत लागणारा थर क्षाराचा असतो; तांबूस-पिवळा ओघळ बहुधा जस्ताचा मुलामा उडालेल्या जुन्या लोखंडी नळाच्या गंजाचा; निळसर-हिरवी छटा पितळी तोटीतल्या तांब्याची; आणि पाणी वाहून जाण्याच्या जाळीभोवतीचे काळे वर्तुळ बुरशीचे. या चौघांना एकच औषध लागू पडत नाही. बुरशीला ब्लीच मानवते; तेच ब्लीच गंजावर ओतले तर गंज अधिक पक्का होतो. क्षाराला मात्र सौम्य आम्ल पुरे. चिंच-लिंबाने तांब्यापितळेची भांडी उजळणाऱ्या आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकावाचून अवगत होते. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व चमचाभर घेऊन कपभर कोमट पाण्यात विरघळवावे, त्यात जुन्या सुती कापडाची पट्टी भिजवून ती डागावर चिकटवावी आणि तासभर तिकडे ढुंकूनही पाहू नये. पट्टी उचलली की कडेने बारीक बुडबुडे निघताना दिसतात. थर मऊ होऊन नखाने सुटू लागतो. मग प्लॅस्टिकच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. जुना थर एका दिवसात जाणार नाही, दोन-तीनदा हा उपचार करावा लागेल. तारेची घासणी कटाक्षाने दूर ठेवावी, कारण तिने चिनीमातीच्या झिलईवर पडलेल्या चऱ्यांत पुढचा मळ कायमचा मुक्काम ठोकतो. बेसिनचा ओटा संगमरवरी असेल तर लिंबाचा थेंबही त्यावर पडू देऊ नये. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा जो प्रघात हल्ली पडला आहे, त्यातला फेस नेत्रसुखद असला तरी दोघे परस्परांचा जोर मारून मोकळे होतात, आणि डाग आपल्या जागी शाबूत राहतो.

इतका स्वस्त इलाज हाताशी असताना ‘फिनेल, ॲसिड’ अशी आरोळी ठोकीत येणाऱ्या सायकलस्वाराकडून, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले, बिनलेबलाचे, धूर सोडणारे द्रव विकत घेण्याचा मोह का व्हावा? सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हुकूम दिला, त्यात खरेदीदाराचे ओळखपत्र पाहिल्यावाचून, प्रयोजन विचारल्यावाचून आणि नोंदवहीत नोंद केल्यावाचून ॲसिड विकू नये, अठरा वर्षांखालील कोणास तर मुळीच देऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या शौचालय-द्रावणातही हायड्रोक्लोरिक आम्लच असते, हे खरे. परंतु तेथे निदान प्रमाण आणि इशारा छापलेला असतो. खुल्या ॲसिडने नळाचा चकचकीत मुलामा काळवंडतो, फरशीच्या सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते. आणि घाईत त्याच बेसिनमध्ये ब्लीचही पडले तर क्लोरिन वायू निघतो, जो 1915 साली ईप्रच्या रणभूमीवर शत्रूला गुदमरविण्यासाठी सोडण्यात आला होता. खिडकी नसलेल्या तीन बाय चारच्या न्हाणीघरात तो हुंगण्याची पाळी ज्या बाईवर येते, तिला महाराष्ट्राने 2008 साली कायदा करून घरेलू कामगार म्हणून मान्यता दिली, कल्याण मंडळही दिले. आपण तिला रबरी हातमोज्यांची एक जोडी देण्यास मात्र कां-कूं करतो. बोटांची सालपटे निघाली की मावशी खोबरेल तेल लावून दुसऱ्या घरी कामाला जातात, आणि आपण बेसिन किती लख्ख झाले याचे कौतुक करीत बसतो.

म्हणून सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, येत्या सभेच्या विषयपत्रिकेत दोन बाबी घालाव्यात: बोअरच्या व टँकरच्या पाण्याची शासनमान्य प्रयोगशाळेकडून तपासणी होऊन कठीणपणाचा आकडा सूचनाफलकावर लागावा, आणि महिन्यातून एकदा प्लंबरास बोलावून घरोघरच्या गळक्या तोट्यांचे वॉशर बदलून घ्यावेत. वॉशरची किंमत दहा-वीस रुपयांच्या घरात असते. घरच्यांनी रात्री निजण्यापूर्वी बेसिन कोरड्या फडक्याने पुसावे. हे काम मावशींच्या वाट्याचे नाही, ज्याने शेवटी दात घासले त्याचे आहे.