लहान संघाचे ऋण

मोठ्यांचा इतिहास लिहिला जातो. त्यांना वाट करून देणारे लहान मात्र तळटीपेत जातात. बेसबॉलचेच पाहा. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकेच्या मुख्य लीगमधली वर्णभेदाची भिंत कोसळली, एवढे सारे सांगतात. परंतु त्या भिंतीला पहिला सुरुंग लागला तो आदल्या वर्षी, माँट्रियल रॉयल्स या दुय्यम संघात.

कॅनडातला हा संघ डॉजर्ससाठी खेळाडू घडवी. १९४६ च्या वसंतात सरावासाठी तो फ्लॉरिडात गेला, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू संघात आहेत म्हणून काही गावांनी सामनेच होऊ दिले नाहीत. १८ एप्रिलला जर्सी सिटीतील पहिल्याच सामन्यात रॉबिन्सनने होमरनसह चार यशस्वी फटके मारले. रॉयल्स १४-१ असे जिंकले. मोसमाअखेर त्याची फलंदाजीची सरासरी ०.३४९, लीगमध्ये सर्वाधिक! पुढे अंतिम मालिकेत लुइव्हिलच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मालिका माँट्रियलला आली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी लुइव्हिलच्या खेळाडूंची हुर्यो उडवून परतफेड केली आणि विजयानंतर रॉबिन्सनला खांद्यावर घेतले.

कुणी म्हणेल, यात रॉयल्सचे कर्तृत्व काय? निर्णय तर डॉजर्सच्या ब्रँच रिकीचा. मला हे पटत नाही. वरचा हुकूम माणसाला संघात घेऊ शकतो; त्याला आपला मानणे हुकमाने होत नाही. ते काम माँट्रियलच्या प्रेक्षकांनी आणि फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीतल्या त्याच्या शेजाऱ्यांनी केले.

मित्रहो, हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. प्रवेश अर्जावरच्या शिक्क्याने मिळतो. पण बाकावर सरकून जागा देणारा आणि चुकीच्या उच्चाराला न हसणारा कोणीतरी लागतो. तो नसेल, तर वर्गात बसूनही मुलगा दाराबाहेरच राहतो. म्हणून प्राध्यापकांना आणि सोबत्यांना माझे एवढेच सांगणे, की दार उघडले म्हणजे काम संपले असे मानू नका.

डॉजर्स १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेले, प्रेक्षक रोडावले आणि १९६० च्या मोसमानंतर रॉयल्सचा संघ मोडला. त्यांचे डेलोरिमिये मैदानही उरले नाही. तिथे आता शाळा आहे. त्या शाळेत रोज कोणीतरी नवे मूल दारात उभे राहत असेल. त्याला आत घेणाऱ्यांचे नाव कुठल्याही इतिहासात येणार नाही. म्हणून ते काम लहान ठरते काय?